चारशे सहा नारळ

आमच्या बॉयलर खात्यातल्या वरिष्ठ देसले मॅडमनी अहवाल माझ्यापुढे सरकवला तेव्हा वैजयंताला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. अहवाल बावीस पानांचा होता. मला एकविसाव्या पानावर सही करायची होती.

"वाचू नका, तोडकर," मॅडम म्हणाल्या. "उगाच त्रास होईल. तुमच्यावर कुठेही ठपका नाही, एवढं मी बघितलंय."

मी वाचला. स्फोटाची दोन कारणं दिली होती. एक, बॉयलर अटेंडंट सिद्राम कोळेकर हा दुपारी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जागा सोडून गेला. दोन, दोन वाजून चार मिनिटांनी एका अनधिकृत व्यक्तीने बॉयलरघरात शिरून बर्नर बंद केला, त्यामुळे बॉयलरच्या पत्र्यावर अचानक ताण आला आणि दोन वाजून अकरा मिनिटांनी तो फुटला.

अनधिकृत व्यक्ती म्हणजे माझी बायको, वैजयंता. तालुक्याच्या दूध संघात ती सतरा वर्षं दुधाची फॅट तपासत होती. तिची प्रयोगशाळा बॉयलरघराच्या भिंतीला लागून होती. पण ती सापडली प्रयोगशाळेत नाही, बॉयलरघरात. तिथे शेवटच्या काही मिनिटांत काय झालं, हे एकोणीस दिवस मला कोणी सांगू शकलं नव्हतं.

"मॅडम, बर्नर बंद केल्यानं बॉयलर फुटत नाही," मी म्हणालो. "दिवसातून वीस वेळा तो आपोआप बंद होतो आणि पेटतो. हे नवीन पोरालाही माहीत असतं."

"नागवेकरांचं तांत्रिक मत तसं आहे."

"नागवेकर मशीनवाल्या कंपनीचा माणूस आहे."

"आणि तुम्ही बाईंचे पती आहात. खरं तर मी तुमची सही घ्यायलाच नको. पण त्या बॉयलरचे इन्स्पेक्टर तुम्ही. तुमची सही असली की पुन्हा कोणी उकरत बसणार नाही."

निदान तोंडावर बोलल्या. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. शुक्रवार होता.

*

मी बॉयलर इन्स्पेक्टर. एकवीस वर्षं झाली. त्यातली पहिली चौदा वर्षं मी हे काम हातानं केलं.

वर्षातून एकदा बॉयलर थंड करून, पाणी काढून, धुऊन ठेवायचा. मग आम्ही जायचो. माणूस जेमतेम शिरेल एवढं भोक असतं, त्यातून आत सरपटायचं, आणि पाव किलोच्या हातोडीनं पत्रा ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो. भेग असली की आवाज बसतो. घसा बसलेल्या माणसासारखा. एकदा कानाला सवय झाली की चूक होत नाही. घरी आलो की वैजयंता दारातच उभी. "आधी न्हाणीत. भिंतीला हात लावू नको." काजळीनं मी ओळखू यायचो नाही.

सात वर्षांपूर्वी 'श्रवण' आलं. आम्ही त्याला कान म्हणायचो. बॉयलरच्या अंगावर बारा ठिकाणी सेन्सर बसवतात. लोखंडाला भेग पडते ती एकदम पडत नाही, केसाएवढी सुरू होते आणि वाढत जाते. वाढताना दर वेळी ती एक बारीक टिचकी देते. माणसाला ती सहसा ऐकू येत नाही, सेन्सरला येते. बारा सेन्सरांना ती थोड्या थोड्या फरकानं पोचते. त्या फरकावरून मशीन जागा काढतं, बोटाच्या पेराएवढ्या अचूकतेनं. ही विद्या खरी आहे. मी तिला नावं ठेवत नाही.

कान बसवल्यावर तो नीट ऐकतो की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची शिस लोखंडावर टेकवून मोडायची. मोडताना ती जो आवाज करते तो भेगेच्या टिचकीसारखाच असतो. शिस मोडली आणि पडदा लाल झाला, म्हणजे कान चांगला.

त्यानंतर आमचं आत सरपटणं बंद झालं. वार्षिक तपासणीही बंद. माझं काम खुर्चीवर आलं. कुठे आवाज झाला की माझ्या पडद्यावर प्रश्न यायचा, खरा की खोटा? मी कारखान्यात फोन करायचो. कोणी पाना पाडला असेल तर 'खोटा' दाबायचं. मशीन त्यातून शिकायचं. आणि एका बॉयलरवर शिकलेलं सगळ्या बॉयलरना कळायचं, कारण कान बारा-बारा असले तरी डोकं एकच होतं. आमच्या विभागात असे नऊशे चौदा बॉयलर आहेत.

वैजयंताला बरं वाटलं. कपडे स्वच्छ राहायला लागले. माझी हातोडी तिनं स्वयंपाकघरात नेली, गूळ फोडायला. संध्याकाळी विचारायची, "आज किती खोटे?" मी आकडा सांगायचो. ती हसायची. "पगार खोट्याचाच घेतोस म्हण की."

*

सिद्राम कोळेकर सब-जेलमध्ये होता. जाळीच्या पलीकडे बसला. दाढी वाढलेली, उजव्या हाताला बँडेज. त्यानं मला बघून मान खाली घातली.

"सिद्रामदा, जागा का सोडलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मला माहीत आहे.

"लिवलंय की समदं पोलिसांनी."

"तू सांग."

त्यानं बँडेजची सुटलेली पट्टी आत खोचली. मग म्हणाला, "साहेब, आठ दिस झालं व्हतं, बॉयलर टिचकत व्हता. ज्याच्यावर त्यो बसतो, त्यो पुढचा उजवा पाय हाय न्हवं, तितनं. मॅनेजरला दोनदा सांगितलं. तो म्हनला, कान हिरवा हाय, तुझा कान तपासून घे. मागं खंडेनवमीला बॉयलर बंद पडला व्हता तवा मला मेमो दिलेला, म्हाईत हाय तुमाला. त्या दिशी टिचकणं लई वाढलं. म्हनून वैजूबाईंना सांगितलं. इन्स्पेक्टरच्या बाई हायती, त्या इचारतील म्हनलं."

त्या दिवशी दुपारी पावणेदोनला तिचा फोन आला होता. मी जेवत होतो. ती म्हणाली, "सिद्रामदा म्हणतात बॉयलर आवाज करतोय. तू बघतोस का?" मी डबा बाजूला सरकवला आणि पडदा बघितला. बाराच्या बारा हिरवे. मी म्हणालो, "सगळं हिरवं आहे. बारा सेन्सरांना जे ऐकू येत नाही ते त्याला कसं येईल? त्याचं वय झालंय." ती म्हणाली, "तू एकदा येऊन ठोकून बघ ना." मी म्हणालो, "वैजू, मी आता ठोकत नाही." तिनं फोन ठेवला. हेच आमचं शेवटचं बोलणं.

"मग?" मी सिद्रामला विचारलं.

"मग बाई आल्या. म्हनल्या, साहेब म्हनत्यात हिरवं हाय. मी म्हनलं, बरं. तर त्या तिथंच हुब्या. कान लावून. एकदम म्हनल्या, सिद्रामदा, मला बी येतंय ऐकू. तुमी पळत मॅनेजरकडं जावा, लेखी घ्या, बंद करायचा म्हना. मी म्हनलं, मला जागा सोडता येत न्हाई, बाई. त्या म्हनल्या, मी हाय की इथं, काटा मी बघते. जावा." तो थांबला. "मॅनेजर जेवाय गेलेला. त्याला हुडकत व्हतो तवर..."

"हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बाईमाणसाला बॉयलरपाशी हुबं करून मी गेलो, असं? तुमच्या तोंडावर?" तो रडायला लागला. "त्यांनी आधी लॅबातल्या पोरींना भायेर काढलं, साहेब. पॅकिंगची भिंत पडली न्हाई, ती का पडली न्हाई? त्यांनी आग बंद केली म्हनून."

मला ते आधीच कळायला हवं होतं. दहा किलोचं प्रेशर सात मिनिटांत सातपर्यंत उतरलं होतं, अहवालातच आकडे आहेत. सात किलोला फुटला म्हणून फक्त बॉयलरघर गेलं. दहाला फुटला असता तर पलीकडच्या पॅकिंगमधली अठरा माणसं गेली असती. आणि हे लोक तेच कारण म्हणून लिहितात. ज्या हातानं आग विझवली त्याच हातावर आग लावल्याचा आरोप.

*

ऑफिसात जाऊन मी जुन्या नोंदी उघडल्या. लाल नोंदी कोणीही बघतं. मी त्या उघडल्या ज्या मशीननं स्वतःच बाजूला टाकल्या होत्या. त्या कोणी बघत नाही. बघायचा नियमच नाही.

तिथे काय असणार हे यादी उघडण्याआधीच मला समजलं. खंडेनवमी हा सिद्रामचा शब्द पुरेसा होता.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. सिद्राम बॉयलरला हार घालायचा, हळदकुंकू लावायचा, आणि बॉयलर ज्या चार लोखंडी पायांवर बसतो त्यातल्या पुढच्या उजव्या पायाच्या कडेवर नारळ फोडायचा. दर अमावास्येलाही फोडायचा. त्याच्या आधी त्याचा बाप तिथेच फोडायचा. कान बसल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला नारळ फुटला आणि पडदा लाल झाला, बॉयलर आपोआप बंद पडला. करवंटी फुटते तेव्हा तीही भेगच असते, मशीनला फरक कळायचं कारण नाही. टाक्यांमधलं दूध नासलं. संघाच्या चेअरमनचा फोन थेट मंत्रालयात गेला. सिद्रामला मेमो. मला प्रश्न आला, खरा की खोटा? मी 'खोटा' दाबलं. पुढच्या अमावास्येला पुन्हा. त्याच्या पुढच्या अमावास्येला पुन्हा. असं एकतीस वेळा दाबलं. बत्तिसाव्या वेळी प्रश्न आलाच नाही. मशीन शिकलं होतं. पुढच्या उजव्या पायापाशी टिचकी झाली की ती पूजा.

मला तेव्हा बरं वाटलं होतं. एक फोन कमी.

आता यादी माझ्यापुढे होती. स्फोटाच्या आधीचे अकरा दिवस. एकेक ओळ, वेळ, जागा आणि पुढे एकच शेरा: 'धार्मिक विधी. दुर्लक्ष.' मी मोजल्या. चारशे सहा.

अकरा दिवसांत चारशे सहा नारळ. कोण फोडतो? शेवटच्या दिवशी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान एकोणनव्वद. जगातल्या सगळ्यात शहाण्या कानाला एकदाही वाटलं नाही की एवढे नारळ या माणसाला आणून देतं कोण.

आणि खरा राग याचा की ती जागा मला माहीत होती. जिथे नारळ फुटतो तिथे पाणी मुरतं. जिथे पाणी मुरतं तिथे पत्रा गंजतो. हातानं तपासायचो तेव्हा प्रत्येक बॉयलरवर मी त्या पायापाशी आधी जायचो, वरचं पांघरूण उचकटायचो, नखानं गंज खरवडून बघायचो. कुठल्या पुस्तकात नव्हतं हे. सात वर्षं मी ते केलं नाही, कारण करायला सांगितलं नव्हतं.

*

मी नागवेकरला फोन केला. चांगला पोरगा आहे, पस्तिशीचा, नम्र बोलतो. त्याचाच जास्त संताप येतो.

"सर, ही ट्रेनिंगमधली चूक आहे," तो म्हणाला. "सिस्टिम तुमच्याच उत्तरांवरून शिकलीय. आम्ही पुढच्या तिमाहीत सुधारणा टाकतोय."

"तिमाहीत? नऊशे तेरा ठिकाणी तो पाय बहिरा आहे आज."

"तसं सिद्ध झालेलं नाही, सर. आणि सर, एक मनापासून सांगू का? हे तुम्ही बाहेर काढलंत तर पहिलं नाव तुमचं येईल. एकतीस क्लिक. अहवालात आम्ही ते घातलेलं नाही."

"माझ्यावर उपकार केलेत."

"तसंच समजा, सर."

मी फोन ठेवला. घरी येऊन स्वयंपाकघरात हातोडी शोधली. ती गुळाच्या डब्यात होती. तोंडाला गूळ चिकटलेला. मी तो धुतला नाही.

*

सोमवारी सकाळी आठला मी हातोडी घेऊन ऑफिसऐवजी शहराबाहेरच्या केंद्रीय स्वयंपाकघरात गेलो. तिथे वाफेवर खिचडी शिजते आणि दीडशे शाळांमध्ये जाते. बॉयलरच्या शेजारच्या हॉलमध्ये चाळीस बायका तांदूळ निवडतात. देसले मॅडमना फोन करून सांगितलं, "सही इथे करतो, या. नागवेकरलाही आणा."

कायद्यातलं एक कलम अजून कोणी खोडलेलं नाही. इन्स्पेक्टर कुठल्याही बॉयलरपाशी न सांगता जाऊ शकतो, आणि शंका आली तर तो थांबवू शकतो. सात वर्षांत ते मी एकदाही वापरलं नव्हतं.

दोघं आले. मी खिशातून पेन्सिल काढली. बॉयलरच्या मागच्या डाव्या पायावर शिस टेकवली आणि मोडली. भिंतीवरचा पडदा लाल झाला, भोंगा वाजला, हॉलमधल्या बायका बाहेर पळत आल्या. मी भोंगा बंद केला.

"कान चांगला आहे," मी म्हणालो. "आता इथे."

पुढच्या उजव्या पायावर शिस मोडली. पडदा हिरवाच राहिला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली: 'धार्मिक विधी. दुर्लक्ष.'

मी पुन्हा मोडली. पुन्हा तेच. पाच वेळा मोडली. मॅडमनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"इथे कोणी नारळ फोडतं का?" त्यांनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या प्रमुख छायाताई पुढे आल्या. "इथं? इथला अटेंडंट शमशुद्दीन आहे, बाई. तो कशाला फोडेल?"

नागवेकर म्हणाला, "मॅडम, हा लॅबोरेटरी कंडिशनमधला प्रयोग नाही."

"नाही," मी म्हणालो. "प्रयोग तर बावीस दिवसांपूर्वी झाला. दूध संघात."

त्यानं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

पडदा लाल झाल्याबरोबर आपोआप विझलेला बर्नर मी पुन्हा पेटू दिला नाही आणि दारावर लाल सील लावायला घेतलं. छायाताईंनी माझा हात धरला. "अहो साहेब, अकरा हजार पोरांची खिचडी आहे. ती काय तुम्ही हातावर शिजवणार? का तुमची ती हातोडी वाढणार ताटात?"

"आज पोरं उपाशी राहतील," मी म्हणालो. "मला शिव्या द्या."

त्यांनी दिल्या. चांगल्या, पोटभर दिल्या. मी ऐकून घेतल्या. मग चाळीस बायकांकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फुटणार होता का?"

"माहीत नाही. थंड झाला की आत जाऊन ठोकून सांगतो. बहुतेक चांगला निघेल."

"मग कशाला थांबवला?"

"कारण मला माहीत नाही."

मॅडम बाजूला उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. वरच्यांशी असावं. 'सगळे' हा शब्द दोनदा ऐकू आला, आणि पलीकडून कोणीतरी ओरडत होतं तेही ऐकू आलं. फोन ठेवून त्या माझ्याकडे आल्या.

"नऊशे बॉयलर मी पेन्सिलीच्या एका शिसेवर थांबवू शकत नाही, तोडकर. मला लेखी पाहिजे. एकतीस वेळा कोणी दाबलं, त्या दुपारी कोणाचा फोन आला, काय उत्तर दिलं, सगळं. समजतंय ना, त्यानंतर तुमचं काय होईल?"

"सिद्राम सुटेल का?"

"तुम्ही लिहिलंत तर सुटेल. त्याच्या जागी तुम्ही जाल, असं मला वाटतं."

"द्या कागद."

तांदळाच्या पोत्यावर बसून मी लिहिलं. साडेतीन पानं झाली. मला लिहायची फार सवय नाही, जे झालं ते झालं तसं लिहिलं. फोनवर मी काय बोललो तेही लिहिलं, 'त्याचं वय झालंय' हे सुद्धा. नागवेकर एकदा म्हणाला, "सर, एवढं डिटेल..." मॅडमनी त्याच्याकडे बघितलं आणि तो बाहेर गेला.

मग मी त्यांचा अहवाल मागितला. एकविसाव्या पानावर सहीच्या वर एक तक्ता असतो, कोणी वाचत नाही असा. त्यात एक रकाना आहे: 'स्फोटापूर्वीची शेवटची प्रत्यक्ष तपासणी, तपासणाऱ्याचे नाव, दिनांक, वेळ, केलेली कारवाई.' तिथे छापलेलं होतं, 'श्रवण प्रणाली, अखंड.'

मी ते खोडलं. आडवी रेघ मारली, कागद फाटेपर्यंत. आणि वर लिहिलं:

वैजयंता दिनकर तोडकर. त्याच दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास. कान लावून ऐकले. आवाज येत होता. माणसे बाहेर काढली. दोन वाजून चार मिनिटांनी आग बंद केली.

मग खाली सही केली आणि हातोडी घेऊन बॉयलर थंड व्हायची वाट बघत बसलो.